बल्ब कसाही धरा

त्रेसष्ट सालची गोष्ट सांगते, इस्रायलमधल्या डिमोना गावातली. आमच्या ह्यांना वायरीशिवाय बल्ब पेटवायचा नाद लागला होता. टेबलावर तारेची मोठी कॉइल आणि ह्यांच्या हातात बल्ब जोडलेली छोटी. पण ती समोर सरळ धरली तरच बल्ब पेटायचा. जरा तिरकी झाली की गुल. शेवटी ह्यांनी टेबलावर तीन कॉइली आडव्या-उभ्या बसवल्या आणि बल्ब कसाही धरा, पेटलेलाच! हे खोलीभर नाचताहेत, तोच शेजारच्या रिबकाबाई ट्रान्झिस्टर काखेत मारून दारात.

"रिबकाबाई, आता वीज सगळ्या दिशांना जाते!" हे ओरडले.

"कळलं मला!" त्या कडाडल्या. "कालपर्यंत ह्या रेडिओतली तुमची खरखर चुकवून मोरीत बसून तरी मुंबईची गाणी ऐकत होते. आता मी बसू कुठे?"