देवराईतला कौल

थाप वाटेल, पण कंपनी सोडून पूर्णवेळ प्रवासी फोटोग्राफर झालो तेव्हाची गोष्ट. एका मासिकाचं पहिलंच काम मिळालेलं. मावळातल्या देवराईचा फोटो हवा, तोही त्याच संध्याकाळपर्यंत; नाहीतर काम दुसऱ्याला. देवराई माझ्या सासुरवाडीची, सासरे, आबा, हेच तिथले पुजारी, म्हणून बिनधास्त गेलो.

आबांनी कॅमेऱ्याकडं बघितलं. "पाव्हणं, आदी देवीचा कौल घ्यावा लागंल."

त्यांनी देवळात नेऊन देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार. मग आबांनी डोळे मिटून मनातल्या मनात प्रश्न विचारला.

बाहेर झाडांतून ऊन तिरपं उतरलेलं, अगदी हवं तसं. इकडं फूल हलेना. ऊन खोडांवरून वर चढायला लागलं, तसा मला घाम फुटला.

"आबा, जरा लवकर..."

"देवीला घाई न्हाई."

"सूर्याला आहे ना पण!"

"गप ऱ्हावा!"

ऊन पार शेंड्याला पोचलं, आणि टपकन उजवं फूल पडलं. मी कॅमेरा घेऊन उठलोच.

"मिळाला ना फोटोचा कौल?"

"फोटोला कशाला कौल? काडा की कवाबी," आबा म्हणाले. "म्या इचारलं, जावयानं परत कंपनीत जावं का."