पुढचा खांदा

बेटाच्या धक्क्यावर आम्ही बोटीची वाट बघत होतो. भिंतीवर येर्को मास्तर गेल्याचा कागद लावला होता. पलीकडच्या गावची एक बाई तो वाचत होती. शेजारी काळ्या कपड्यांतली म्हातारी उभी होती.

"खाली मुलगा म्हणून लोव्रेचं नाव आहे. आपला फुटबॉलचा कॅप्टन लोव्रे?"

"तोच. मुलगा नाही, मास्तरांनी शिकवलेला. मुलगा म्हणूनच लिहा म्हणाला."

"पण दफन उद्या पाचला. आणि उद्याच झाग्रेबला त्याचा शेवटचा सामना."

"हो."

"अख्खा देश निरोप द्यायला जमणार हो. दफन एक दिवस पुढे ढकललं तर काय बिघडेल?"

"मीच म्हटलं त्याला फोनवर. म्हटलं, पोरा, तू खेळून ये, हे थांबतील."

"मग?"

"म्हणाला, काकू, उशिरा येणाऱ्याला मास्तर खेळायला घेत नसत."

"म्हणजे तुम्ही मास्तरांच्या... माफ करा, मावशी. मला माहीत नव्हतं."

"असू दे."

"मग उद्या संघाच्या पुढे कोण चालणार?"

"ते बघतील त्यांचं. यांना पुढून खांदा द्यायचाय, म्हणाला. ती बघा बोट. त्यालाच घ्यायला आलेय मी."