शोधाचा मान

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक मावशी आणि तिची लग्न ठरलेली भाची बसल्या होत्या. भाची जुन्या मासिकात नवा खंड शोधणाऱ्या एका कप्तानावरचा लेख वाचत होती.

“मावशी, हा खंड म्हणे त्या कप्तानाने शोधलाच नाही. दुसरे खलाशी आधीच पोचले होते.”

“पण जगभर डंका कोणी पिटला?”

“कप्तानाने.”

“मग मान त्याचाच. तुझं स्थळ नाही का मी शोधलं?”

“अगं, पण तिथे आधीपासून माणसं राहत होती!”

“असतील की. तुम्ही दोघंही चार वर्षं चोरून भेटतच होतात ना?”

“तुला... माहीत होतं?”

“तोंड मिट, आपला नंबर अजून आलेला नाही. आणि बाबांपाशी बोलू नकोस. त्यांना मी शोधलेलाच जावई चालतो.”