उपरण्याची गाठ

वामनभटांच्या उपरण्याला ती गाठ कसली, असं विचारलंत म्हणून सांगतो. सासवडहून माणूस आला, तेव्हा मी नेहमीसारखा नारायण पेठेतल्या ओसरीवर बोरू तासत होतो. आमचं कुटुंब माहेरीच तापाने गेलं, एवढंच त्याने सांगितलं.

त्याआधी पंधरा दिवस, श्रावणातल्या आदितवारी, तिने मला आणि वामनभटांना हातात अक्षता देऊन स्वतः रचलेली एक कहाणी सांगितली होती. नवरा मोहिमेवर गेला. त्याने आल्यावर पाय धुवावेत म्हणून बायको रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी दारात ठेवी. एके दिवशी तो खरंच आला, तर तिने ते पाणी तुळशीला घातलं. एवढं सांगून ती उठलीच.

"रागावली असणार," वामनभट म्हणाले.

"पाणी शिळं झालं असेल," मी म्हणालो. "ताजं आणायला गेली."

"दोघेही शास्त्री आहात. लावा अर्थ."

"अहो वहिनी, पण शेवटी 'सुफळ संपूर्ण' कुठे म्हटलंत? त्याशिवाय मी अक्षता खाली ठेवणार नाही."

"मग बांधून घरी न्या. माहेरून आले की अर्थही सांगेन आणि तेही म्हणेन."

भटांनी त्या खरोखरच उपरण्याच्या टोकाला बांधल्या.

तेराव्यानंतर ते आले आणि गाठ माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता तुम्हीच म्हणा, म्हणजे सोडतो."

दोनच शब्द आहेत. मी अजून म्हटलेले नाहीत.