ठकीचा धवला

सोनुबाई: खोटं लगीन मी लावत नाय, आबाजी. धवला गायला म्हंजे लगीन लागलं.

आबाजी: दोन पोरांना नुसतं पाटावर बसवायचं, मावशी. मला फिल्ममध्ये तुझं गाणं हवंय. कर्जतपासून कशेळ्यापर्यंत तुझ्यासारखी धवलारीण नाही.

सोनुबाई: आन संध्याकाळी ती दोगं उठून आपापल्या घरला जानार? बोलावलेलं देव परत धाडू?

ठकी: मावशे, आमचं लाव.

सोनुबाई: तुझं गं, ठके?

ठकी: चार वरसं लडकूच्या घरात ऱ्हाते. पोर झाली. तांदूळ जमले की लगीन करू म्हनतो, आन जमले की खाऊन टाकतो. म्होरल्या महिन्यात माझी भन चिंधी पाटावर बसंल. पन दिवा धराया मी नाय. बिनधवल्याच्या बाईच्या हाती दिवा देत नायत, दादा.

आबाजी: लडकू म्हणजे तो? माझ्या यंत्राची पेटी गाडीतून उतरवतोय तो?

सोनुबाई: त्याला म्हनावं हातपाय धू. लावते.

आबाजी: तुझे उपकार, मावशी! आता एक ऐक. माथेरानला साहेबाचा कॅमेरा वाहता वाहता मी हे शिकलो. पंधरा वर्षं जत्रा, तमाशे, ढोलनाच टिपत हिंडलो, पण सगळं मुकं. मुंबईत पडद्यावर आपल्या वाडीचा नाच, आणि खाली पेटीवाला नाटकातलं पद वाजवतोय! लोक टाळ्या द्यायचे, मी मान खाली घालून बाहेर यायचो. आता पडदा बोलायला लागून तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे आवाज धरणारं यंत्र माझ्या हाती आलंय. तेही आजच्यापुरतं, चालवणाऱ्या माणसासकट. फिल्म एका गाण्यापुरती, वर एखादं कडवं. पहिल्या कडव्यात काही बिघडलं तर मी हात वर करीन. थांबायचं, नव्यानं म्हणायचं.

सोनुबाई: धवला मधी थांबत नाय. थांबला की लगीन मोडलं. मोडलेलं फिरून त्याच मानसाशी लागत नाय.

आबाजी: बरं, मग कुत्री बांधा, कोंबडी झाका. आणि ठके, तुझी पोर?

ठकी: बुधीला पाजून निजवलीय. शेजारच्या जनाच्या मांडीवर हाय. उठायची नाय ती.

(सोनुबाई धवला गाते. पहिल्याच कडव्याला पोर रडू लागते. आबाजीचा हात वर जात नाही.)

ठकी: दादा, माझ्यापायी बुडालं तुमचं काम. त्या यंत्रावरच्या बाबानं डोस्कं धरलेलं मी पाटावरनं बगितलं. उठाया गेले, तर मावशीनं डोळं वटारलं.

सोनुबाई: मग? नवरी पाटावरनं उठते व्हय?

आबाजी: तो खुणा करत होता मला, थांबवा म्हणून.

ठकी: मग का नाय थांबवलं?

आबाजी: लडकूचं बोट किती घट्ट धरलं होतंस तू! मी बघत होतो ना समोरून. हात उचलेचना माझा.

सोनुबाई: आन मुंबईचं लोक काय म्हनतील?

आबाजी: म्हणतील, लग्नात हे कुणाचं पोर रडतंय?

सोनुबाई: सांगा की, नवरीचं!

आबाजी: सांगेन. तो आवाज कापायला सांगतील, तरी कापायचा नाही. पण मावशी, मध्येच तू बुधीचं नाव घेतलंस ना? तिथं ती गप्प झाली बघ.

सोनुबाई: मांडवात हजर असंल त्याचं नाव धवल्यात येतं. समद्यांची घेतली, तिचंच ऱ्हायलं व्हतं. रुसनार नाय तर काय?

आबाजी: पंधरा वर्षं मी नुसती हलणारी तोंडं दाखवली गं. आज तुम्ही बायांनी त्यांना आवाज दिलात. पाया पडतो तुझ्या.

सोनुबाई: उठा, उठा. भात निवतोय.

ठकी: दादा, लडकूला मागं-म्होरं कोन नाय. आईबाप तो लहान असतानाच गेलं. वराकडची पंगत रिकामीच मांडलीय. तुमी बसाल तिथं?

आबाजी: वराकडचा म्हणून?

ठकी: व्हय. लडकूच म्हनाला. मला म्हनाला, तूच इचार, मला लाज वाटते.

सोनुबाई: बसा, पन रुसूबिसू नका. मानाला द्यायला आमच्याकडं कायबी नाय.

आबाजी: पाय धुवायला पाणी दे, सूनबाई.