सावंत आणि सकाळचा आयरिश

आमच्या सावंताचं सांगितलं नाही का तुम्हाला? शारजाहून दुबईतल्या देराला तो रोज माझ्या गाडीतून यायचा. रेडिओवर सकाळचा कार्यक्रम एक आयरिश माणूस करायचा. कित्येक वर्षं, एकही खाडा नाही. सावंताला नेमकं तेच खुपायचं.

"गल्फमधला माणूस आणि सुट्टीवर गावी जात नाही? हा कधीच आयर्लंडला जाऊन बसलाय. इथे टेप वाजतेय!"

मग खात्री करायला तो गाडीतूनच स्टुडिओत फोन लावायचा. "बाहेर धुकं आहे का, सांगा."

"आहे, मिस्टर सावंत. आणि मीसुद्धा आहे," तो हसून म्हणायचा.

फोन ठेवून सावंत म्हणायचा, "हेसुद्धा आधीच भरून ठेवलेलं असणार."

पुढे सावंतच महिनाभर कणकवलीला गेला. एका सकाळी रेडिओवर तो आयरिश काळजीने विचारायला लागला, "मिस्टर सावंत बरे आहेत ना? फोन नाही त्यांचा." मला राहवेना. मी फोन करून सांगितलं, सुट्टीवर गेलाय.

सावंत परतल्यावर पहिल्याच सकाळी गाडीत मी कौतुकाने म्हटलं, "अरे, रेडिओवर तुझी चौकशी करत होता! मी कळवलं त्याला."

सावंताने सीटबेल्ट सोडला.

"गाडी थांबव," तो म्हणाला. "म्हणजे तूसुद्धा त्यांचाच माणूस."