पुकारा होईपर्यंत

—आणि तिकडं नको बसूस, इकडं ये, उजव्या बाजूला. तिकडनं ऊन येतं. आत्ता येत नाहीये, पण येईल. हां, अशी बस. हा फोन असू दे इथंच, आपल्या मधे, उचलू नकोस त्याला, आणि बोलताना जरा त्याच्याकडं तोंड करून बोल, सावकाश. नाही गं, रेकॉर्ड कसलं करतेय! वकील झालीस ना तू? मग एवढ्यात घाबरतेस काय? तर तुला माझ्याकडं ज्युनिअर म्हणून यायचंय. अ‍ॅडव्होकेट अंजली गांगुर्डे, दिवाणी आणि फौजदारी, ऑफिस कुठं तर हा कोर्टरूमच्या बाहेरचा बाक. कुणी पाठवलं तुला? —हं, राजनं. वाटलंच. आमच्या बार रूममधलं जे कुणाला नको असतं ते राज माझ्याकडं पाठवतो. नवऱ्यानं टाकलेल्या बायका, रिक्षावाल्यांची भांडणं, आणि आता तू.

एक काम कर. बोलता बोलता त्या दाराकडं लक्ष ठेव. शिपाई बाहेर येऊन 'भागीबाई' म्हणून पुकारा करेल, तेव्हा मला सांग. म्हणजे मला ऐकू येईलच, पण बोलण्याच्या नादात राहून जातं. त्या समोर बसल्यात ना, हिरवं लुगडं, पिशवी कवटाळून, त्या भागीबाई. देवळाली कॅम्पात त्यांची एक खोली आहे, नवऱ्यानं बांधलेली. पुतण्याला राहायला दिली दोन महिन्यांसाठी, आता तो म्हणतो खोली माझीच, काकू पाहुणी म्हणून आलेली. बाजूला मिशीवाले ते जयरामभाऊ, शेजारी, तोफखान्यातून रिटायर झालेले. आमचा एकुलता एक साक्षीदार. आज त्यांची साक्ष व्हायची आहे, आणि आज शेवटची संधी. हे जज्जसाहेब दुसऱ्यांदा पुकारत नाहीत. आम्ही उभे नसलो की संपलं, खोली पुतण्याची आणि भागीबाई खरोखरच्या पाहुण्या. तर लक्ष ठेव.

हां, काय म्हणत होते? कशाला यायचंय तुला ह्या धंद्यात? नाव काय म्हणालीस—तृप्ती होय? भोये, भोये. ह्या मेल्या फोनला पेठ तालुक्याकडची आडनावं कळत नाहीत. तर तृप्ती, सरळ विचारते, पर्याय संपले का? आजकालची पोरं कोर्टात येतात कुठे? निम्मी जज्ज व्हायच्या क्लासला बसलीत. क्लासवाल्यांचे बंगले झाले, पोरं अजून 'या वर्षी नक्की' म्हणतायत. काही कंपन्यांत गेली, एसीत बसून कंप्लायन्स बघतात. कंप्लायन्स म्हणजे काय ते मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, मॅडम, मलाही अजून नीट कळलेलं नाही, पण पगार वेळेवर होतो. काही रील काढतात. 'पोलिसांनी अडवलं तर हे तीन शब्द बोला'—दोन लाख लोकांनी बघितलं, एकानंही वकीलपत्र दिलं नाही. आणि बाकीचे कुंभमेळ्यावर डोळा ठेवून बसलेत. रस्ते रुंद होणार, जमिनी जाणार, नुकसानभरपाईचे दावे येणार. साधू यायच्या आधी वकील अंघोळ करून तयार!

—काय? पुण्याची नोकरी मिळालीय तुला? थांब, वाचू दे... करार तपासायचे, ए.आय.नं काढलेल्या चुका पुन्हा तपासायच्या. अगं मग जा की! महिन्याला पगार, दिवाळीला मिठाईचा डबा, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह—इथं कडी लागणारं एक शोधून दाखव मला. सोमवारपर्यंत कळवायचंय, आणि तू इथं ह्या बाकावर येऊन बसलीस? तुझ्या घरचे काय म्हणतात? —घरातली पहिली वकील. हं. मी पण. माझे वडील शाळेत शिपाई होते. मी सनद घेऊन आले तेव्हा त्यांनी अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले आणि मला म्हणाले, आता कुणी तुला बाहेर थांब म्हणणार नाही. भोळा माणूस! सगळी हयात मी बाहेरच थांबलेय, ह्याच बाकावर. बाई वकील म्हणजे घटस्फोट, बाई वकील म्हणजे पोटगी. जमिनीचा दावा घेऊन आलेला माणूस मला विचारायचा, वकीलसाहेब कधी येतील?

आणि ए.आय.चं कौतुक मला सांगू नकोस. ह्या राजनंच परवा युक्तिवादात एक न्यायनिवाडा ठोकला. नाव, साल, पान नंबर, सगळं. साहेब खूश. म्हणाले, प्रत द्या. प्रत कुठनं देणार? असा निवाडा ह्या देशात कधी झालाच नव्हता, मशिननं मनानं रचलेला! आणि रचलाही असा सुरेख, की मला वाटलं, खऱ्या जज्जांनी ह्याच्याकडं शिकवणी लावावी. दोन दिवस राज बार रूममध्ये चहाला आला नाही. पण सगळंच वाईट आहे असं म्हणत नाही हं मी. व्हीसीवरची, म्हणजे व्हिडिओवरची सुनावणी, ती मला आवडते. कानात हेडफोन घातला की साहेब कसे अगदी डोक्यात येऊन बोलतात. व्हीसीवर माझ्यासारखी उलटतपासणी अख्ख्या नाशकात कुणी घेत नाही, विचार कुणालाही. कोर्टरूममध्ये मात्र पंखे, टायपिंग, कुणाच्या चपला, आणि हे साहेब—ओठ न हलवता बोलतात गं. आधीचे बरे होते, ओरडायचे.

ज्युनिअर मी ठेवत नाही. तत्त्व आहे माझं. ज्युनिअर शिकतात, मोठे होतात आणि पहिली केस आपल्याच विरुद्ध लढतात. माझ्याकडं कारकून होता, फकिरा. मी सनद घेतली तेव्हापासूनचा, फार जुना होता. कायदा त्याला ओ की ठो कळायचा नाही, पण माझ्या मागं उभा राहायचा, उजव्या बाजूला, आणि माझा कोट ओढायचा. आमचं ठरलेलं. एकदा ओढला की आपला पुकारा झाला. दोनदा ओढला की बाई, आता गप्प बसा. तीनदा ओढला की काही झालं तरी मान डोलवू नका. बिचाऱ्याला दोनदाच जास्त ओढावा लागायचा. शिलाई उसवली कोटाची, ही बघ. आता गुडघे गेले त्याचे, मालेगावला मुलाकडं राहायला गेला. आणि गेल्या तारखेला बघ, तो नाही म्हणून केवढा घोळ! साहेब काहीतरी म्हणाले. माझ्याकडं बघून हसले पण. आता जज्ज हसल्यावर माणूस काय करतो? मान डोलावली मी. येस सरही म्हणाले मी. त्यांनी विचारलं होतं, तुमचा पुरावा संपला का? लगेच टायपिंगवाल्यानं लिहिलं, पुरावा बंद. आणि जयरामभाऊ बाहेर उभे, कडक इस्त्री करून, आत कधी बोलावतात म्हणून वाट बघत. मग अर्ज दिला, गैरसमज झाला म्हटलं, साहेबांनी ही एक तारीख दिली. तीनदा कोट ओढायला फकिरा हवा होता गं. तर सांगायचं काय, की—

अशी बघू नकोस माझ्याकडं. सगळ्या वकिलांना कारकून लागतो. सगळ्यांना. आवाजच येत नाही त्या खोलीत, कुणालाच नाही—

थांब. हे काय झालं? अंधार झाला ह्याच्यावर. सकाळी पूर्ण चार्ज होता की. समोरच्याचं बोलणं टाइप करून दाखवणारं हे ॲप बॅटरी खातं नुसती. चार्जर बॅगेत आहे, पण प्लग कुठाय इथं... बोल, तू काहीतरी म्हणत होतीस. नाही, थांब. नको बोलूस. ओठ हलतायत तुझे, मला दिसतंय, पण—हो, बरोबर आहे तुझं, अगदी बरोबर. काय बरोबर आहे देव जाणे.

आता कळलंच आहे तुला, तर ऐक. डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे. मशीन घे म्हणतात. घेऊन कानात घालून इथं उभी राहू? बाईला ऐकू येत नाही हे एकदा ह्या कंपाउंडमध्ये पसरलं की चहा थंड व्हायच्या आत माझ्या सगळ्या फायली परत जातील. पुरुष वकील बहिरा झाला तर लोक म्हणतील वयस्कर आहेत, अनुभवी आहेत. माझं काय म्हणतील? भीती वाटते मला. रोज त्या दारातून आत जाताना भीती वाटते, आणि ही समोरची बाई पिशवी धरून माझ्याकडं असं बघते जशी मी तिची तटबंदीच आहे. म्हणून मी सारखी बोलत असते. आपण बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. तर तू जा. खरंच जा. पुण्याला हो म्हण, सोमवारची वाट नको बघूस. आणि हे बार रूममध्ये सांगायचं असेल तर निदान आजची साक्ष होऊ दे, मग सांग. जा, ऊठ. ज्युनिअर ठेवत नाही मी. जा म्हटलं ना—

कोट सोड. अगं, उसवेल, सोड म्हणते ना! काय आहे? ...एकदा?

झाला? पुकारा झाला? अगं बाई, तो शिपाई दारात उभाच आहे! भागीबाई, उठा, उठा, पिशवी राहू द्या—नाही, घ्या बरोबर, त्यात कागद आहेत. जयरामभाऊ, चला, टोपी काढा आत गेल्यावर. आले, आले, साहेबांना म्हणावं आलेच! तू काय उभी राहिलीस? ही फाइल धर. माझ्या मागं चल, उजव्या बाजूला, आणि गळ्यातला पांढरा बँड सरळ कर तुझा, वाकडा झालाय. पगाराचं नंतर बघू, फार काही देणार नाहीये, आधीच सांगते, आणि साक्षीच्या वेळी समोरचा वकील ओरडेल, ओरडू दे, माझ्या लक्षात येणारच नाही, तोच माझा एक फायदा आहे, आणि साहेब हसले तर तू लगेच तीनदा—

आता काय? दोनदा?

बरं.